१५८२ : पोपने गाळलेले दहा दिवस

व्हॅटिकनमधल्या ‘वाऱ्यांच्या मनोऱ्या’त दक्षिणेच्या भिंतीला एक बारीक भोक आहे. माध्यान्हीला त्यातून उन्हाचा कवडसा येतो आणि फरशीवर आखलेल्या रेषेवर पडतो. ही रेषा आखली इग्नाझियो दांती या गणिती धर्मगुरूने. चर्चच्या हिशेबात वसंतसंपात २१ मार्चचा, पण या रेषेवर दिसे, की सूर्य ११ मार्चलाच तिथे पोचतो.

चूक सीझरच्या काळापासूनची. त्याने वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरले. खरे वर्ष सुमारे ११ मिनिटांनी लहान. सव्वाशे-दीडशे वर्षांत त्या मिनिटांचा अख्खा दिवस होतो. ईस्टरची तारीख संपातावरून ठरते, त्यामुळे चर्चला हे फार जाचत होते.

पोप तेरावे ग्रेगरी मूळचे बोलोन्याचे कायदेपंडित. त्यांनी समिती नेमली. तोडगा मात्र सुचवला होता कालाब्रियाच्या लुइजी लिलिओ या वैद्याने. तो १५७६ मध्येच वारला. त्याचे काम भावाने पुढे मांडले, जेझुइट गणिती क्लाव्हियसने ते तडीस नेले. सारी मेख शतकी वर्षांत आहे. ४०० ने भाग जाणारेच शतकी वर्ष लीप. म्हणून १६०० आणि २००० लीप. १७००, १८००, १९०० नाहीत. इतका साधा नियम, आणि आजही जग त्यावरच चालते!

२४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्रानुसार गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला. वारांची साखळी तुटली नाही. त्याच रात्री स्पेनमध्ये आविलाच्या संत तेरेसा वारल्या. त्यांचा सण १५ ऑक्टोबरला असतो.

स्पेन-पोर्तुगालने बदल लगेच मानला. प्रोटेस्टंट इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत अडून बसले, आणि त्याची खूण थेट मराठी इतिहासात उमटली. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवरायांच्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता. त्याच्या नोंदीतली तारीख ६ जून १६७४. गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या लेखी तोच दिवस १६ जूनचा! शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा जुन्या गणनेची. ग्रेगरींच्या हिशेबाने ती १ मार्च येते. जुने कागद वाचणाऱ्याला म्हणूनच आधी विचारावे लागते, की हा कागद इंग्रजांचा की फिरंग्यांचा. राज्याभिषेकाची तिथी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, मात्र दोन्हीकडे एकच. रायगडावर आज राज्याभिषेक सोहळा ६ जूनलाही होतो आणि त्या तिथीलाही.