मत न देणाऱ्याची तक्रार

मतदानाच्या दिवशी जो घरी बसला, त्याने पुढे राज्यकारभाराविषयी तक्रार करू नये, असे निवडणुकीच्या हंगामात हमखास कानी पडते. नागरिकशास्त्र शिकविताना आम्हीही हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. परंतु इतिहास पाहू गेल्यास ते वाटते तितके निरपवाद नाही, असे ध्यानी येते.

१९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये प्रांतिक कौन्सिलांच्या पहिल्या निवडणुका १९२० च्या अखेरीस झाल्या. लोकमान्य टिळकांनी त्या लढविण्याच्या हेतूने एप्रिलमध्ये काँग्रेस डेमॉक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला होता. पण १ ऑगस्टला ते निवर्तले. सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा ठराव करून कौन्सिलांवर बहिष्कार पुकारला. टिळकांच्या अनुयायांपैकी पुष्कळांना तो मनातून पटला नव्हता. तरी शिस्त म्हणून त्यांनी तो पाळला.

मग या मंडळींचा सरकारविरुद्ध बोलण्याचा अधिकार संपला काय? तसे मानल्यास असहकाराची सारी चळवळच अनधिकृत ठरेल. शिवाय त्या काळी मताचा हक्क मुख्यत्वे सारा, कर व मालमत्ता यांवर अवलंबून होता. बहुसंख्य प्रौढांना तो नव्हताच. १९२१ साली मुळशीचे शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले ते जमीन बुडणार म्हणून, मतदारयादीत नाव आहे म्हणून नव्हे. तक्रारीचा हक्क झळ सोसण्यातून उत्पन्न होतो. मत ही त्याची फी नव्हे.

एवढ्यावर थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. बहिष्कारामुळे कौन्सिले ओस पडली नाहीत. तेथे इतर पक्षांचे लोक बसले आणि काम चालू राहिले. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ च्या ऑगस्टात संमत झाला, आणि १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहास त्याचाच आधार मिळाला. बाहेर राहिलेल्यांचा बोलण्याचा हक्क शाबूत होता, निर्णयातील वाटा मात्र त्यांनी सोडला होता. हे ओळखूनच चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाने १९२३ च्या निवडणुका लढविल्या. आणि डिसेंबर १९२४ मध्ये आमच्या बेळगावात, महात्माजींच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसने त्या पक्षाचे कौन्सिलांतील कार्य आपले म्हणून मान्य केले.

नकार नोंदविण्यास आज निराळी सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय मतदानयंत्रावर आला. लोकसभेच्या वा विधानसभेच्या निवडणुकीत त्याने निकाल बदलत नाही. तथापि नकार आणि आळस यांतील भेद त्याने स्पष्ट होतो.

हाच भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. १९२० च्या बहिष्कारामागे जाहीर केलेले कारण होते, आणि त्यासाठी कित्येकांनी वकिली सोडली, तुरुंग पत्करला. सुटी मिळाली म्हणून सहलीस जाणाऱ्याने त्या परंपरेचा दाखला देऊ नये. तक्रार त्यानेही जरूर करावी. रस्ता खचला तर तो त्याच्यासाठीही खचलेला असतो. पण 'त्या दिवशी आपण कोठे होता?' असे कोणी विचारल्यास त्याच्यापाशी उत्तर असावे. यापुढे वर्गात ते जुने वाक्य आम्ही उच्चारणार नाही; हा प्रश्न मात्र विद्यार्थ्यांपुढे ठेवू.