बैरागडची फेलोशिप

अमरावतीत ऑटोवाल्याला 'जिल्हा स्त्री रुग्णालय' सांगितलं, तर तो जरा विचारात पडतो. 'डफरीन' म्हटलं की लगेच किक मारतो. जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे 'इर्विन', आणि अकोल्यात बायकांचा दवाखाना म्हणजे 'लेडी हार्डिंग'. एक व्हाइसरॉय आणि दोघा व्हाइसरॉयांच्या बायका वऱ्हाडाच्या तोंडी अजून टिकून आहेत, ते केवळ दवाखान्यांमुळे. लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये निधी उभारला तो हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून. त्या विचाराच्या मध्यभागी आई होती. लेकरू तिच्या कडेवर बसून आत यायचं. ते अत्यवस्थ झालं तर त्याला जगवायला वेगळं शास्त्र लागतं, ही कल्पना त्यात नव्हती.

ती यायला कोपनहेगनला पोलिओची साथ यावी लागली. १९५२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू निकामी झालेली मुलं रोज येऊन पडत होती आणि यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. उपाय लागू पडला. पण पिशवी रात्रंदिवस दाबणार कोण? सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने खाटांशेजारी बसले आणि महिनोन्‌महिने दाबत राहिले. अतिदक्षता नावाची शाखा अशी जन्मली, आणि तिचे पहिले कामगार तज्ज्ञ नव्हते, शिकाऊ पोरं होती. ही गोष्ट पुढे वऱ्हाडात कामी येते.

१९५५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला मुलांसाठी पहिला स्वतंत्र अतिदक्षता विभाग उघडला. अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा पहिल्यांदा झाली १९८७ मध्ये. भारतात अतिदक्षता तज्ज्ञांची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. पुढे तिने बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या जोडीने बाल अतिदक्षतेची फेलोशिप काढली, आणि आता तीन वर्षांचे डीएम आणि डीआरएनबी हे अभ्यासक्रमही आहेत. बालरोगात एमडी झालेला डॉक्टर तिथे पुन्हा विद्यार्थी होतो. चार किलोच्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालणं, व्हेंटिलेटरचा दाब फुप्फुस फाटणार नाही इतपत ठेवणं, 'शॉक'मधल्या लेकराला सलाइन किती आणि किती वेगाने द्यायचं, ही सगळी मिनिटांची आणि मिलिलिटरची विद्या.

वऱ्हाडात मात्र बराच काळ साधं वैद्यकीय महाविद्यालयही नव्हतं. अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती महाविद्यालय १९८४ चं, यवतमाळचं सरकारी १९८९ चं, अकोल्याचं २००२ चं. त्याआधी लेकरू हातचं जायला लागलं की डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे आणि म्हणायचे, नागपूरला न्या. मेळघाटातल्या धारणीहून ती वाट सेमाडोह, परतवाडा, अमरावती अशी घाट उतरत जाते. नुसती अमरावती गाठायलाच दीडेकशे किलोमीटर.

याच मुलखात १९८५ मध्ये एक तरुण डॉक्टर उलट्या दिशेने चालत गेला. शेगावचे रवींद्र कोल्हे नागपूरहून एमबीबीएस झाले होते आणि डेव्हिड वर्नर यांचं 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' हे पुस्तक त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मेळघाटात, बैरागडला जायचं ठरल्यावर सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी त्यांना अट घातली: आधी तीन गोष्टी शिकून ये. सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण, एक्स-रे नसताना न्यूमोनियाचं निदान, आणि जुलाबाचा इलाज. त्यासाठी कोल्हे सहा महिने मुंबईत राहिले. या सहा महिन्यांचं प्रमाणपत्र कोणी दिलं नाही. पण मेळघाटात लेकरं कशाने मरतात याची यादी काढली, तर ती जवळजवळ याच तीन ओळींत संपते. अभ्यासक्रम इतका नेमका आखला गेल्याचं उदाहरण वैद्यकीय विद्यापीठांतही सहज सापडायचं नाही.

बैरागडला पोचायचं तर शेवटचे चाळीसेक किलोमीटर पायी. फी पहिल्या खेपेला दोन रुपये, पुढच्या खेपेला एक. सहा महिन्यांचं शिक्षण कुठे तोकडं पडतं, तेही लवकरच कळलं. स्फोटात हात गमावलेला एक माणूस तेराव्या दिवशी दारात आला, आणि आपल्याला आणखी शिकायला हवं हे कोल्ह्यांनी ओळखलं. ते परत जाऊन प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात एमडी झाले. प्रबंधाचा विषय मेळघाटातलं कुपोषण.

लग्नानंतर डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला आल्या. त्यांचं पहिलं बाळंतपण तिथेच झालं आणि बाळाला न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तात जंतुसंसर्ग, असं तिन्ही एकदम झालं. लोक म्हणाले, अकोल्याला मोठ्या दवाखान्यात हलवा. निर्णय डॉक्टरांनी बायकोवर सोपवला. गावातल्या लेकरांना जो इलाज मिळतो तोच माझ्या लेकराला, असं त्यांनी ठरवलं. बाळ वाचलं, म्हणून ही गोष्ट आज कौतुकाने सांगितली जाते. पण इतक्या आजारी बाळाला अतिदक्षता विभागच हवा असतो, आणि तो शेजारी नसणं ही त्यागाची शोभा नव्हे, सरकारची उणीव होती. गावाचा विश्वास मात्र त्या दिवसानंतर पक्का झाला. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

१९९३ मध्ये मेळघाटातले बालमृत्यू वर्तमानपत्रांतून गाजले. मंत्र्यांच्या गाड्या धुरळा उडवत आल्या, जनहित याचिका झाल्या. भूमक्याकडे, म्हणजे गावातल्या वैदूकडे जाणाऱ्या कोरकू आईला दोष देणं तेव्हाही सोपं होतं, आजही आहे. पोटावर तापल्या लोखंडाचे चटके, ज्याला तिथे डंबा म्हणतात, भयंकरच. पण रात्री दोन वाजता हाक मारली तर भूमका घरात सापडतो, हा त्याचा खरा गुण. त्याच्याशी स्पर्धा करायची तर गावातच कोणीतरी हवं होतं.

ते कोणीतरी कसं घडवायचं, याचं उत्तर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला मिळालं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठावर गेले की धोका. पण जिला साठ मोजता येत नाहीत, तिने काय करायचं? त्यांनी एक साधन बनवलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. घडी उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया. आकडा न वाचता निदान.

१९९५ पासून त्यांनी नवजात बाळांकडे मोर्चा वळवला. ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायकांना वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं शिकवलं. जन्मतः न रडलेल्या बाळाला आधी तोंडाने, मग नळी आणि मुखवट्याने, आणि अखेर पिशवी आणि मुखवट्याने श्वास द्यायला शिकवलं. ही पिशवी म्हणजे आपल्या दवाखान्यांतला अंबू. त्याचं मूळही डेन्मार्कातच, १९५६ मधलं. मूल घरात जन्मल्यावर बाईने सुई टोचणं डॉक्टरमंडळींना पटेना. खूप वाद झाला. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आकडे छापले गेले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. वाद संपला नाही, पण त्याचा सूर बदलला.

मेळघाटात धारणीजवळ डॉ. आशीष आणि डॉ. कविता सातव यांच्या 'महान' संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हीच दिशा धरली. छोटं रुग्णालय आणि जोडीला गावोगावच्या आदिवासी आरोग्यसेविका. २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळांच्या घरभेटी आशाताईंकडे दिल्या: ४२ दिवसांत सहा भेटी, बाळंतपण घरी झालं असेल तर सात, आणि एका बाळामागे २५० रुपये. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची गाडी धावू लागली. मोबाइलला रेंज असेल तिथे ती बोलावता येते. मेळघाटात हे 'असेल' फार महत्त्वाचं.

गाडी आली तरी वरच्या टोकाला हात हवेतच. सरकारी दवाखान्यात व्हेंटिलेटर मोकळा नसला, की आजही नातेवाइकाच्या हाती अंबू दिला जातो. सिस्टर दोनदा दाबून दाखवते: "हळू दाबा दादा, छाती वर आली की सोडा." मामा दमला की काका बसतो. कोपनहेगनच्या पोरांना निदान पाळी बदलून द्यायला डॉक्टर उभा होता. इथे सिस्टरला अजून वीस खाटा असतात.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. त्यांत अमरावती, बुलढाणा आणि वाशीम ही तीन वऱ्हाडातली. पहिल्या तुकडीतल्या एखाद्या मुलीने बाल अतिदक्षतेचं मनावर घेतलंच, तर एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षं, बालरोगातली एमडी तीन, डीएम आणखी तीन. मधल्या प्रवेश परीक्षांत एकही वर्ष वाया गेलं नाही, तर ती २०३६ मध्ये तयार होईल. मग तिची नेमणूक इर्विनला होते की पुण्याच्या एखाद्या कॉर्पोरेट रुग्णालयात, हा प्रश्न पगाराचा, क्वार्टरचा आणि तिच्या हाताखाली किती सिस्टर देणार याचा.