अभियंत्याचे बोट : एका छोट्या संगणकाच्या बिघाडांचा इतिहास

सन १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक-साक्षरतेची एक योजना प्रायोगिक स्वरूपात हाती घेतली. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘क्लास’ या नावाने ओळखली गेली. या योजनेतून राज्य सरकारांच्या मार्फत देशभरातील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना सुमारे १२,००० संगणक मिळाले. ते यंत्र होते ‘बीबीसी मायक्रो’. फिकट पिवळसर पेटी, तिच्यातच बसवलेला कळफलक, वरच्या ओळीत लाल-नारिंगी कळा आणि पोटात अवघी ३२ किलोबाइट स्मृती. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीनेही हे यंत्र परवान्याखाली तयार केले. त्या काळातील माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना, मग ते इंदुरास शिकलेले असोत, बडोद्यास वा हैदराबादेस, चपला बाहेर काढून ज्या खोलीत पाऊल टाकावे लागे ती संगणकाची खोली आठवत असेल. बिघाड झाला की यंत्रावर कापडी आच्छादन पडे आणि ते पुष्कळदा कायमचेच पडे.

या यंत्राच्या यशाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. येथे मांडायचा आहे तो त्याच्या बिघाडांचा, आणि त्याच्या वंशात पुढे जन्मलेल्या एका कार्यप्रणालीच्या बिघाडांचा. ही वंशावळ चार दशके अखंड चालत आली असून तिचे आजचे टोक एखाद्या पालकाच्या घरी, मुलाच्या टेबलावर, एटीएम कार्डाएवढ्या आकारात पडलेले असण्याचा संभव आहे.

प्रारंभ केंब्रिजमधला. हर्मान हाउझर आणि ख्रिस करी यांनी १९७८ साली स्थापलेल्या एकॉर्न या छोट्या कंपनीकडे बीबीसीचे अधिकारी यंत्राचा नमुना पाहण्यास येणार होते, आणि नमुना अस्तित्वातच नव्हता. हाउझर यांनी सोफी विल्सन यांना सांगितले की एका आठवड्यात हे काम होईल असे स्टीव्ह फर्बर म्हणतात. आणि फर्बर यांना सांगितले की विल्सन तसे म्हणतात. (लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थांची ही युक्ती आपल्याकडे नवीन नाही.) आठवडाभर खपून मंडळ जोडले गेले, पण ते चालेना. बीबीसीची मंडळी यायची वेळ झाली. जुन्या विकास-यंत्रापासून नव्या मंडळाला कालस्पंद पुरवणारी एक तार जोडलेली होती. ती तोडून पाहा, असे हाउझर यांनी सुचविले. तार तोडताच यंत्र सुरू झाले.

दुसरा प्रसंग याहून विलक्षण आहे. मंडळावर एका विशिष्ट जागी बोट टेकवले की नमुना-यंत्र नीट चाले, बोट काढले की अडखळे. कारण कोणास सापडेना. उत्पादनाची घाई होती. अखेर बोटाच्या जागी, विदावाहक तारांवर रोधकांचा एक छोटा संच बसविण्यात आला, आणि त्याला फर्बर यांच्या मंडळींनी ‘अभियंत्याचे बोट’ असेच म्हटले. पुढे सुमारे १५ लाख यंत्रे त्या बोटासह विकली गेली. म्हणजे आपल्या शाळांतून आलेल्या यंत्रांतही ते होतेच. ही खरी दुरुस्ती नव्हे असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे अगदीच चूक नाही. मात्र घडले ते लपवून न ठेवता त्याला नाव देऊन ठेवणे, हे मला त्या अभियंत्यांच्या सचोटीचे लक्षण वाटते.

बीबीसी मायक्रो आपले दुखणे आवाजाने सांगे. वीज येताच त्याची ध्वनिचकती आपण होऊन एक सूर धरी. प्रक्रियक जागा होऊन रॉममधली कार्यप्रणाली चालू लागली की ती पहिल्याप्रथम हा सूर बंद करी, आणि मग छोटा ‘बीप’ ऐकू येई. सूर थांबलाच नाही, तर प्रक्रियकाला कार्यप्रणालीची पहिली पानेही वाचता आलेली नाहीत हे न उघडताच कळे. मग दोष प्रक्रियकात, स्मृतीत, रॉममध्ये किंवा त्यांच्यामधल्या जोडणीत. शोधाचे क्षेत्र एका क्षणात चतुर्थांशावर येई. वैद्याने नाडीवर हात ठेवावा तसा हा प्रकार. ज्या शाळांतल्या यंत्रांवर आच्छादन पडले, तेथे हा सूर ऐकणारा कान होता. पण त्याचा अर्थ सांगणारे कोणी नव्हते. यंत्रे आली, त्यांचे वैद्यक आले नाही. त्या योजनेची खरी उणीव ती.

ऑक्टोबर १९८३ मध्ये विल्सन आणि फर्बर यांनी स्वतःचा प्रक्रियक घडविण्यास घेतला. त्याच्या आज्ञांचा संच विल्सन यांनी आधी बीबीसी मायक्रोवरच, बेसिक भाषेत अनुकरण-प्रणाली लिहून तपासला. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली एआरएम चकती हाती आली आणि पहिल्याच खेपेस चालली. पुढे तिला किती वीज लागते हे मोजण्यासाठी फर्बर यांनी अ‍ॅमीटर जोडला. काटा शून्यावर. चकती तर व्यवस्थित आकडेमोड करीत होती! शोध घेता दिसले की चाचणी-मंडळावर तिच्या वीजपुरवठ्याची जोडणी झालेलीच नव्हती. संकेतवाहक तारांतून जो किरकोळ प्रवाह आत झिरपत होता, तेवढ्यावर ती जगत होती. आज आपल्या खिशातील मोबाइल दिवसभर चालतो त्यामागचा गुण असा एका जोडणीच्या चुकीतून प्रथम डोळ्यांसमोर आला.

प्रक्रियक तयार झाला, पण त्यावर चालणारी कार्यप्रणाली कोठे होती? एकॉर्नने त्यासाठी ‘एआरएक्स’ नावाचा महत्त्वाकांक्षी प्रयोग आरंभिला होता. अमेरिकेतील पालो अल्टो येथे त्यासाठी संशोधन केंद्र उघडले होते. अनेक कामे खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालविणारी, मोड्युला-२ भाषेच्या सुधारित रूपात लिहिलेली, शास्त्रशुद्ध अशी ती रचना होती. मात्र ती फुगत गेली, मंद राहिली आणि ज्या यंत्रासाठी लिहिली जात होती त्याच्या स्मृतीत मावेना. ‘आर्किमिडीज’ हे नवे यंत्र जून १९८७ मध्ये बाजारात आले, त्याच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत ५१२ किलोबाइट स्मृती होती. एआरएक्स बाजूला सारून पॉल फेलोज यांच्या चमूने काही महिन्यांत बीबीसी मायक्रोच्या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर ‘आर्थर’ उभी केली. घाईचा पाहुणचार होता तो. भडक रंग, एका वेळी एकच कार्यक्रम, आणि दोष इतके की ग्राहकांना पुढे पेटी उघडून रॉमच्या चकत्या उपसून नव्या बसवाव्या लागल्या. १९८९ साली तिचीच सुधारित आवृत्ती ‘रिस्क ओएस’ या नावाने आली. मराठी कानाला ‘रिस्क’ म्हणजे जोखीम वाटावी. मुळात ते प्रक्रियकाच्या ‘मोजक्या आज्ञा’ या तत्त्वाचे संक्षिप्त नाव आहे. तरीही ऐकू येणारा अर्थ अगदीच गैरलागू नव्हता.

या प्रणालीचा एक गुण दोषशोधकाला वरदानासारखा आहे. ती मॉड्यूल नावाच्या सुट्या तुकड्यांची बनलेली आहे. रॉममधल्या एखाद्या तुकड्यात दोष आढळला, तर त्याची नवी प्रत स्मृतीत चढवावी. जुनी आपोआप मागे पडते. संशय आला तर एका आज्ञेने तो तुकडा निष्क्रिय करावा आणि यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे. वाड्यातला दिवा गेला म्हणजे एकेक फ्यूज काढून कोणत्या खोलीची तार जळाली ते शोधण्याची रीत जुन्या मंडळींना ठाऊक आहे. ही तीच रीत. दुबळी बाजूही सांगायला हवी. येथे कार्यक्रम आळीपाळीने, एकमेकांच्या सौजन्यावर चालतात. एकाने पाळी सोडण्यास नकार दिला की सारी पंगत खोळंबते.

१९९८ मध्ये एकॉर्नचे विसर्जन झाले. रिस्क ओएस मात्र हौशी मंडळींच्या हाती टिकून राहिली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजमधूनच ‘रास्पबेरी पाय’ हा ३५ डॉलरचा संगणक निघाला. शाळकरी मुलांनी पुन्हा यंत्राशी खेळावे हा एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू होता आणि त्याचे ‘मॉडेल बी’ हे नाव बीबीसी मायक्रोच्या स्मरणार्थच ठेवलेले होते. त्यातला प्रक्रियक अर्थातच एआरएम. त्याच वर्षाच्या अखेरीस रिस्क ओएस या यंत्रावर उपलब्ध झाली. नातवाच्या घरी आजोबा राहावयास यावेत, तसे झाले.

आजोबांना नवे घर सहज मानवले नाही. हा संगणक सुरू होताना, त्याच्या पहिल्या काही पिढ्यांत, आधी चित्रप्रक्रियक जागा होतो, एआरएम झोपलेलाच असतो. चित्रप्रक्रियक स्मृतिकार्डावरून आपली पूर्वतयारीची फाइल वाचतो, मग कार्यप्रणाली स्मृतीत आणून ठेवतो आणि त्यानंतर एआरएमला उठवतो. लाल दिवा म्हणजे फक्त वीज आली. हिरवा लुकलुकला म्हणजे कार्ड वाचले जात आहे. हिरवा ठरावीक अंतराने सात वेळा लुकलुकला, तर कार्यप्रणालीची फाइल सापडली नाही. आठ वेळा, तर स्मृतीतच दोष. पडद्यावर इंद्रधनुषी चौकोन येऊन तो तसाच राहिला, तर पूर्वतयारी झाली, पण कार्यप्रणाली उठली नाही. बीबीसी मायक्रोचा सूर येथे प्रकाशात उतरला आहे, एवढेच. अनुभवी माणूस मात्र याही आधी मोबाइलच्या चार्जरची बारीक तार बदलून पाहतो. मंडळाला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात, आणि अशा तारेत त्यातले बरेच हरवतात. जुन्या एकॉर्न यंत्रांत पसंतीच्या नोंदी घटावर चालणाऱ्या चिमुकल्या स्मृतीत राहात आणि त्या बिघडल्या तर ‘डिलीट’ कळ दाबून ठेवून यंत्र सुरू करावे लागे. पायवर ती स्मृती नाही म्हणून त्या नोंदी कार्डावरच्या एका फाइलमध्ये ठेवतात. घट गळून मंडळ सडण्याचा जुना आजार त्यामुळे आपोआप टळला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘पाय २’ आला आणि लवकरच एक तक्रार पुढे आली : यंत्राचे छायाचित्र घेतले की ते बंद पडून पुन्हा सुरू होते. भूतबाधा म्हणावी असा प्रकार! शोधाअंती कळले की झेनॉन फ्लॅशचा झोत वीजनियंत्रक चकतीवर पडला की तिच्या उघड्या सिलिकॉनमध्ये प्रकाशविद्युत परिणाम होई आणि पुरवठा डळमळे. मोबाइलच्या एलईडी फ्लॅशने काहीच होत नसे, त्यामुळे काहींचे छायाचित्र यंत्र बंद न पाडता निघे आणि तक्रार खोटी वाटे. उपाय : चकतीवर अपारदर्शक लांबीचा गोळा दाबून बसविणे. अभियंत्याचे बोट पुन्हा एकदा, या वेळी कारण माहीत असलेले.

सर्वांत बोधप्रद प्रकरण त्याच सुमाराचे आहे. रिस्क ओएसमध्ये स्मृतीचा अगदी पहिला भाग, शून्य क्रमांकाच्या पत्त्यापासूनचा, प्रणालीच्या स्वतःच्या उपयोगाचा होता. तथापि तो वाचण्यास कोणालाही मज्जाव नव्हता. एखाद्या कार्यक्रमात पत्ता भरावयाचा राहून तो शून्यच राहिला, तर कार्यक्रम तेथे जाऊन जे सापडेल ते वाचे आणि मुकाट पुढे चाले. विकासकांनी प्रायोगिक आवृत्तीत हा भाग उचलून स्मृतीच्या दुसऱ्या टोकाला नेला. शून्याच्या पत्त्यावर आता काहीच उरले नाही. लगेच, वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेले कार्यक्रम धडाधड कोसळू लागले. नवी आवृत्ती बिघडली आहे असा पहिला ग्रह होणे स्वाभाविक होते. वस्तुतः दोष त्या कार्यक्रमांत, काहींत तर दोन-अडीच दशकांपूर्वीपासून होता. नव्या प्रणालीने तो केवळ उजेडात आणला. यावर काढलेली तोड मला फार शहाणपणाची वाटते. ‘झीरोपेन’ नावाचे एक मॉड्यूल लिहिले गेले. कार्यक्रम शून्याजवळ वाचू लागला की ते त्याला कोसळू देत नसे, वाचू देत असे. मात्र कोणता कार्यक्रम, कोणत्या आज्ञेपाशी, कोणता पत्ता वाचीत होता याची नोंद एका फाइलमध्ये करून ठेवीत असे. वापरणाऱ्यांनी त्या नोंदी लेखकांकडे पाठविल्या, आणि एकेक कार्यक्रम दुरुस्त होत गेला. ज्यांचे लेखक हयात नव्हते किंवा ज्यांचा मूळ मजकूर हरवला होता, ते मात्र मागे राहिले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रिस्क ओएसचे हक्क एका नव्या कंपनीने विकत घेऊन तिचा मूळ मजकूर अपाची परवान्याखाली सर्वांस खुला केला. त्यातील मोठा भाग ३२-बिट एआरएमच्या यंत्रभाषेत, हाताने लिहिलेला आहे. २०२३ मध्ये ‘पाय ५’ आला. त्यातील प्रक्रियक ३२-बिट आज्ञा सामान्य कार्यक्रमांच्या पातळीवर पाळतो, पण कार्यप्रणालीच्या पातळीवर पाळत नाही. त्यामुळे एआरएमसाठीच जन्मलेली ही प्रणाली एआरएमच्या या नव्या यंत्रावर थेट सुरू होऊ शकत नाही. एखाद्या विद्यार्थ्याला ती पाहावयाची असेल, तर त्याने कपाटातला जुना पाय बाहेर काढावा, बऱ्यापैकी जाड तारेचा पुरवठा जोडावा, आणि हिरवा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे.