दुधाच्या वहीचा रकाना
कळंबला मी दूध संकलनाची वही लिहायचो. लिटर, फॅट, दर, रक्कम. दर दहा दिवसांनी हिशेब. हातचे समासात पेन्सिलीने.

अशीच रकान्यांची वही १९७९ साली व्हिसिकॅल्कने संगणकाच्या पडद्यावर आणली, १९८५ मध्ये एक्सेल आलं. आमच्याकडे ते बरंच उशिरा पोचलं. पहिल्या ओळीत सूत्र लिहायचं, चौकटीचा कोपरा धरून खाली ओढायचं. एकदा माझा हात सात ओळी आधीच थांबला आणि सात घरांची रक्कम कोरी राहिली. ते चेहरे अजून आठवतात.

आता नात पायथनच्या पांडाज लायब्ररीत एकदाच लिहिते: रक्कम म्हणजे लिटर गुणिले दर. अख्खा रकाना भरतो. दर राहून गेला तर एक्सेल शून्य धरतं. पांडाजमध्ये रक्कमही रिकामीच राहते. मला हेच खरं वाटतं, दूध तर घातलेलं असतं ना!