दादा केळूसकर आणि न छापलेली प्रस्तावना

गुरूविषयीची कृतज्ञता हा आपल्याकडे फार वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे. एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या द्रोणालाही ही संस्कृती थोर गुरूच मानते. म्हणून दलित माणूस शिक्षकाचे ऋण मान्य करतो, तेव्हा ते कोणत्या शिक्षकाचे आणि कोणत्या कृतीचे, हे त्याने नेमके सांगितले पाहिजे असे मी मानतो. बाबासाहेबांनी ते तसे सांगून ठेवले आहे.

त्यांना शाळेने काय दिले? साताऱ्याच्या शाळेत बसायचे गोणपाट त्यांनी घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृतचे दार बंद झाले आणि पर्शियन घ्यावी लागली. हे सारे शिक्षकांच्या देखत, त्यांच्या संमतीने चालले होते. शिक्षक म्हटला की हात जोडावेत असे म्हणणाऱ्यांनी हे गोणपाट विसरू नये.

याच मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे दुसरे एक शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत ते वाचत बसत. तिथेच एक मुलगा रोज पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना दिसला. त्यांनी चौकशी केली, जात कळली, तरीही ते त्याला पुस्तके देत राहिले. तो मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता. त्याला शिकवण्याचा पगार त्यांना कोणी देत नव्हते. पुढे भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल सभा झाली, तेव्हा केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले.

त्या पुस्तकाने मुलाला काय झाले? तो वडिलांना प्रश्न विचारू लागला. रामजी सुभेदार घरी रामायण-महाभारत वाचून घेत. ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता पुन्हा पुन्हा सांगणारे हे ग्रंथ आपण का वाचायचे, असे त्याने विचारले. बुद्धाचे साहित्य आम्हांला आधी का दिले नाही, असेही विचारले. शिक्षकाचा प्रभाव म्हणतात तो मला इथे दिसतो. शिष्याने पायाशी वाकण्यात नव्हे, तर घरातल्या सर्वांत आदरणीय माणसाला प्रश्न करण्याइतका तो ताठ उभा राहण्यात.

इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा केळूसकरांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. केळूसकर १९३४ साली वारले. १९३५ ची येवल्याची घोषणा त्यांनी ऐकली नाही, १९५६ ची नागपूरची दीक्षा पाहिली नाही. पेरलेले उगवलेले पाहणे बहुतेक शिक्षकांच्या नशिबी नसते.

पण शिष्य विसरला नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी सांगितले की, आपण बुद्धाकडे वळलो ते दादा केळूसकरांनी दिलेल्या पुस्तकामुळे. १९५७ साली, त्यांच्या निर्वाणानंतर, ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. म्हणजे हे ऋण वाचकांपर्यंत पोहोचायला २३ वर्षे लागली.

या ऋणाची परतफेड मात्र शब्दांवर अवलंबून नव्हती. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. बागेत एका मुलाला जे योगायोगाने मिळाले, ते हजारोंना हक्काने मिळावे, ही ती परतफेड होती. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलांची एक पिढी तिथे शिकली, लिहू लागली.

मीही वर्गात उभा राहणारा माणूस आहे. शिक्षकदिनाला आम्हांला मिळणारी फुले मला नेहमीच थोडी जड वाटतात. केळूसकरांची स्मृती जपायची तर शिक्षकाने स्वतःला विचारावे: माझ्या हजेरीपटात नाव नसलेल्या कोणत्या मुलाच्या हाती मी पुस्तक दिले? आणि ते वाचून त्याने मलाच अडचणीचा प्रश्न विचारला, तर तो मला सहन होईल काय?