दौतीतले काजळ

मोडी कागद वाचणारे आपण अक्षराच्या वळणाविषयी बोलतो, मायन्याविषयी बोलतो, शेवटच्या ‘मोर्तब सूद’वर तर वाद घालतो. ज्या शाईने हे सारे लिहिले तिच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ती पाहावी लागते, कारण कागद टिकणार की जाणार हे पुष्कळदा तीच ठरवते.

जुनी काळी शाई मुख्यतः काजळ, डिंक आणि पाणी यांची. यातला डिंक पाण्यात विरघळतो. काजळ कधीच विरघळत नाही. नुसते काजळ पाण्यात टाकून पाहा. ते वर तरंगते, हलवले तर गोळे होतात आणि थोड्या वेळाने पाणी वेगळे पडते. कार्बनच्या कणांना पाण्यापेक्षा एकमेकांची ओढ जास्त. डिंकाचे लांबलचक रेणू कणाला चिकटतात, त्यांची टोके पाण्यात पसरतात आणि शेजारचा कण लांब राहतो. तासन् तास घोटण्याचे कारण हेच: गुठळी फुटून सुटा झालेला कण पुन्हा दुसऱ्याला चिकटण्याआधी डिंकाने गाठला पाहिजे. म्हणजे शाई हे द्रावण नव्हे. ते पाण्यात विखरून ठेवलेले काजळ आहे.

युरोपात या अवस्थेचा शास्त्रीय विचार बराच उशिरा झाला. 1857 साली मायकेल फॅरेडेने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखरून माणकासारखे लाल पाणी केले. त्यात मीठ पडले की कण एकत्र येऊन रंग निळा होई. त्याच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत. 1861 साली टॉमस ग्रॅहमने अशा पदार्थांना ‘कोलॉइड’ हे नाव दिले, तेही ग्रीकमधल्या सरसाच्या शब्दावरून! (आपला ‘कलिल’ हा प्रतिशब्द मला मूळ शब्दाहून गोड वाटतो.) पुढे झिगमाँडीने हा रंगबदल थांबवायला कोणता पदार्थ किती लागतो ते मोजले. जिलेटिन मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी पुरते, अरबी डिंक त्याच्या वीसेक पट लागतो. चिनी शाईत सरस असतो, आपल्या शाईत डिंक. आपल्याकडे डिंक का, याचे उत्तर मी रसायनात शोधणार नाही; बाभळी गावोगाव होत्या.

डिंकाच्या शाईचा एक गुण कारकुनाच्या फार सोयीचा. दौत वाळली तर पाणी घालून ढवळायचे, शाई पुन्हा तयार. कण वाळले तरी भोवतीचा डिंक शाबूत असतो आणि पाणी मिळताच तो पुन्हा सुटतो. हाच गुण आज त्या कागदांच्या मुळावर येतो. दौतीत जे घडते ते दोनशे वर्षांनी कागदावरही घडू शकते. त्यातून हा कागद घोटीव. शाई तंतूंत फारशी न मुरता वरच बसलेली. मायफळ आणि हिराकसाच्या शाईची गोष्ट उलटी. ती विरघळलेल्या रूपात तंतूंत शिरते, हवेत काळी पडते आणि पुढे आम्लाने कागदच खाते. काजळ कागद खात नाही, उन्हात विटतही नाही. त्याला भय पाण्याचे.

पोथ्या लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असावे. पक्क्या शाईच्या जुन्या कृतींत काजळाबरोबर लाख, टाकणखार आणि लोध्र येतात. टाकणखाराच्या पाण्यात लाख विरघळते, पण एकदा वाळली की साध्या पाण्याला सहजी दाद देत नाही. पोथी पिढ्यांसाठी लिहायची. हिशेबाच्या कागदासाठी एवढा खटाटोप कोण करणार? आपला इतिहास मात्र त्या हिशेबाच्या कागदांतच आहे.

म्हणून घरोघरच्या रुमालांविषयी माझे म्हणणे आग्रहाचे आहे. पावसाळ्यानंतर बुरशी आलेला कागद ओल्या फडक्याने पुसू नये. फाटक्या कडेला गव्हाची खळ लावण्याआधी एखाद्या निरुपयोगी फराट्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून वर टीपकागद दाबावा. टीपकागदावर काळा डाग उमटला, तर खळीची वाटी बाजूला ठेवावी आणि कागद कोरडाच जाणकाराकडे न्यावा.