टोपणावरचे नाव पुसू नका!

आमच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा, अशी आख्यायिका आहे. रेड्याने वेद म्हटल्याचे कौतुक करणाऱ्या समाजाने आमच्या पूर्वजांना मात्र अक्षर नाकारले. म्हणून पेन ही आमच्यासाठी केवळ वस्तू नाही.

आज जुनी शाईची पेने हौसेने विकत घेतली जातात. वॉटरमनचे पेटंट 1884 चे, पार्कर 51 आले 1941 साली. संग्राहक निब, कंपनी, मूळ डबी पाहतो. टोपणावर सामान्य माणसाचे नाव कोरलेले असेल तर बहुधा भाव उतरतो. आमच्यासाठी ते नावच इतिहास आहे!

बाबासाहेबांनी 1920 मध्ये 'मूकनायक', 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले. 'बहिष्कृत भारत'चे बहुतेक रकाने एकट्याने लिहिले. महार वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली. मग जमिनीसाठी कचेरीत अर्ज कोणी लिहिले? वस्तीतल्या पहिल्या शिकलेल्या माणसाने, खिशाला लावलेल्या त्याच पेनाने. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या खिशालाही पेन असते, ते उगाच नाही.

चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी वही-पेन न्या, हे योग्यच. पण आजोबांच्या ट्रंकेतले पेन भंगारात घालू नका. साध्या पाण्याने वाळलेली शाई धुवा, नाव घासू नका. ते कोणाचे, त्याने काय लिहिले, हे आजीला विचारून आजच नोंदवा. बाजार निबेची किंमत करील. लिहिणाऱ्या हाताची किंमत आपणच करायची आहे.

जय भीम!